पांढरं म्हणजे कच्चं

मी काय करते हे कुणी विचारलं की हल्ली मी "बॅटरीचं काम" एवढंच म्हणते आणि विषय संपवते. पूर्वी हौसेने समजावून सांगायचे. गावात, मानपाड्यात, कुणाच्या तरी हळदीला बसलेलो असायचो, बँजो वाजत असायचा, आणि एखादी काकू विचारायची. मग मी सुरू व्हायचे, की लिथियम बाहेरून आणावं लागतं, पोटॅशियम मात्र मातीत, राखेत, समुद्राच्या पाण्यात, कुठेही सापडतं, म्हणून आम्ही पोटॅशियमच्या बॅटरीच्या मागे लागलोय. त्यावर ठरलेला प्रश्न यायचा. "म्हणजे केळ्यात असतं ते?" तेच. "मग केळ्याची बॅटरी करतेस होय गं?" हो काकू, केळ्याचीच, घड घेऊन या घरी, चार्ज करून देते. आई बाजूने चिमटा काढायची. माझ्या तोंडाला लगाम नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

खरं तर मी बॅटरी करतच नव्हते. बॅटरीच्या एका बाजूला जो माल भरतात, म्हणजे इलेक्ट्रोडचा माल, तो करायचे. बॅटरी चार्ज होते, उतरते, तेव्हा पोटॅशियम एका इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्यात जाऊन बसतं आणि परत येतं. गोष्ट एवढीच. पण हे पोटॅशियम अंगाने लठ्ठ. लिथियम ज्या फटीतून सहज जा-ये करतं, तिथे हा बाबा घुसला की भिंतीच पाडतो. सुरुवातीचा सगळा काळ मी एका ऑक्साइडवर घालवलेला. पहिले काही दिवस झकास चालायचं आणि मग चहात जास्त वेळ धरलेल्या खारीसारखं गळून पडायचं. मी लॅबमध्ये चिडचिड करायचे, भांडी आपटायचे. कल्याणच्या कॉलेजात पीएचडीला माझे जे गाईड होते ते सर फार शांत. ते म्हणायचे, "काचेची आहेत, बेताने."

त्या सरांनीच एक दिवस एक रिसर्च पेपर माझ्यापुढे सरकवला. लोखंड आणि सायनाइडची जाळी असलेला एक पदार्थ, आत ऐसपैस खोल्या, पोटॅशियम आरामात राहतं, भिंतींना धक्का लागत नाही. मी वाचत गेले आणि मधेच थांबले. हे तर बाबांचं होतं.

आमच्या भाताच्या जमिनीवर इंडस्ट्री आली तेव्हा जमिनीच्या बदल्यात घरटी एकाला नोकरी, असं काहीतरी ठरलेलं. आजोबा जिथे नांगर धरायचे तिथून हाकेच्या अंतरावर बाबा रंगाच्या कंपनीत लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या डिपार्टमेंटला निळा रंग व्हायचा, तो गडद, शाईसारखा, ज्याला प्रशियन ब्ल्यू म्हणतात. बाबा त्याला नुसतं "निला" म्हणायचे. त्यांची नखं निळी, कानामागची घडी निळी, रुमाल निळे. आई त्यांच्या कपड्यांची बादली वेगळी ठेवायची, तरी माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर कुठे ना कुठे निळा डाग असायचाच. वर्गात मला त्यावरून चिडवायचे आणि मी मारामाऱ्या करायचे.

आणि पेपरमधला पदार्थ म्हणजे त्याच निळ्याचा पांढरा भाऊ. दोघांची जाळी एकच. पोटॅशियम पुरतं भरलेलं असलं की पूड पांढरी दिसते, ते निघून गेलं की निळी. बॅटरीसाठी मला भरलेली हवी, म्हणजे पांढरी. जितकी पांढरीशुभ्र तितकी चांगली.

पहिली बरी बॅच झाली तेव्हा मी छोट्या बाटलीत थोडी पूड घेऊन घरी आलेले. बाबा तेव्हा ठीक होते, म्हणजे ठीकच वाटत होते. गॅलरीत बसलेले. मी बाटली हातात दिली.

"बाबा, बघा. तुमच्या निळ्याचं नातेवाईक."

त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, हलवली, परत धरली. "कच्चा हाय," ते म्हणाले.

"कच्चं नाही. असंच लागतं आम्हाला."

"कुनी सांगितला?"

"पेपरमध्ये आलंय."

"पेपरवाला कदी टाकीवर उभा रायलाय?"

मग त्यांनी मला समजावलं, जसं ते नव्या पोरांना समजवायचे. टाकीत दोन पाणी एकत्र सोडली की आधी पांढरा गाळ बसतो. तो गरम ठेवून मुरू द्यायचा. मग वरून दुसरं औषध सोडायचं, तेव्हा कुठे निळा उघडतो. नवीन माणूस पांढरा गाळ खाली बसलेला बघतो, त्याला वाटतं झालं काम, आणि टाकी बंद करून चहाला जातो. अख्खी बॅच फुकट. "पांढरा म्हंजे कच्चा. ध्यानात ठेव बाय."

मीही त्यांना समजावलं. की तुमच्या निळ्यातून पोटॅशियम निघून गेलेलं असतं, मला ते आत असलेलं हवं. तुमचं जिथे सुरू होतं तिथेच माझं पूर्ण होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लेकरू हट्ट करतंय तर करू दे, अशी मान हलवली आणि विचारलं, "बरा. पन मग निला कवा होईल?"

झालं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दारात चपला काढते न काढते तोच, "झाला का निला?" नातेवाईक लग्नाचं विचारायचे, बाबा निळ्याचं. दोन्हीला माझं उत्तर एकच होतं, नाही झालं, आणि होणारही नाही.

मग बाबा विसरायला लागले. आधी गॅस. दूध उतू जाऊन ज्योत विझली तरी ते समोर उभेच. तेव्हापासून आई सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायला लागली. मग रस्ता. कंपनी बंद पडून जमाना झालेला, तरी हे सकाळी डबा मागून गेटवर जाऊन उभे राहायचे, आणि बाजूचा टपरीवाला त्यांना हाताला धरून आणून सोडायचा. मग नावं. मग मी.

मला ते "बाई" म्हणायला लागले. तुम्ही-आम्ही करायला लागले. एकदा मी पाणी दिलं तर "कशाला त्रास घेतलात" म्हणाले. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आमच्या घरात कुणी कुणाला कधी मानाने बोललेलं नाही. मला जन्मापासून "बाय" म्हणत आलेला माणूस माझ्यासमोर पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा, आणि मला काहीच करता येत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "सांभाळून घ्या" म्हणाले. मला पेपर वाचता येतात, तीच तर पंचाईत. मी बसून सगळे वाचले. कुठल्याही पेपरात काही नव्हतं.

पण गंमत बघा. बाबा मी कोण हे विसरले, कंपनी बंद झाली हे विसरले, तो प्रश्न मात्र विसरले नाहीत. मी दारात आले की मान वर करून, अगदी अदबीने, "झाला का हो निला?"

"नाही झाला अजून," मी म्हणायचे.

"व्हईल, व्हईल," ते मला धीर द्यायचे.

तिकडे लॅबमध्ये मला एकच बॅच हवी होती, नीट, निर्दोष. या पांढऱ्या पुडीचा खरा वैरी म्हणजे पाणी. खोल्या मोठ्या, त्यामुळे पोटॅशियमच्या जोडीने पाणीही आत शिरून बसतं, आणि मग बॅटरीत घातली की सत्यानाश. आणि आमची हवा ही अशी. खाडी एकीकडे, उल्हास नदी दुसरीकडे, मीठ बरणीत सादळतं, माचिस पेटत नाही. इथे बसून मी कोरडेपणाचं संशोधन करणार. थेंब थेंब सोडून, नायट्रोजनखाली, फार हळू स्फटिक वाढवायचे, म्हणजे जाळीत खोट राहत नाही. मग व्हॅक्यूममध्ये वाळवायचं. मधेच वीज गेली की पंप बंद, हवा आत, पूड निळसर. अशा कितीतरी बॅचेस मी बेसिनजवळ उभी राहून नुसत्या बघत बसलेय.

त्यात सर रिटायर होणार होते. आमची खोली कंप्युटरवाल्यांना देऊन झालेली, ते येऊन टेप लावून मोजून पण गेलेले. आणि बॅटरीचा सेल बांधायला लागणारी ती काचेची पेटी, जिच्यात आर्गॉन वायू भरलेला असतो आणि बाहेरून हातमोज्यांत हात घालून काम करतात, ती आमच्याकडे नव्हतीच. ती ठाण्याला, वर्तकनगरच्या पुढे एका लॅबमध्ये. तिथे मी किती महिने विनवण्या करत होते ते माझं मला माहीत. शेवटी एक दुपार मिळाली. सेल बांधायचे, मशीनवर चढवायचे आणि पुढे महिनाभर ते तिथेच चालू ठेवू, असं त्यांनी कबूल केलं. सेल महिनाभर किती टिकतो, प्रबंधात त्याच एका आलेखाची जागा रिकामी होती. तो नाही तर बाकीच्या सगळ्या पानांना अर्थ नव्हता.

आणि देवाच्या कृपेने बॅच झाली. दह्यासारखी पांढरी, निळी झाक म्हणून नाही. सरांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "जप." दुसऱ्या दिवशी, म्हणजे ठाण्याच्याच दिवशी, कल्याणात विजेचा शटडाऊन, लॅब बंद राहणार होती. पूड लॅबमध्ये ठेवून उपयोग नव्हता. बाटलीच्या झाकणाला टेप गुंडाळून, ती स्टीलच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांमध्ये रोवून मी घरी आणली आणि स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, सुकटीच्या डब्याच्या मागे ठेवली. आईला म्हटलं, "याला हात लावायचा नाही. उद्या ठाण्याला न्यायचंय. हे गेलं तर मी संपले, समजलं?" आई म्हणाली, "नाय लावत." बाबा बसलेले होते. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं बाई."

सकाळी बाबांच्या गोळ्या संपलेल्या दिसल्या. ठाण्याला दुपारी पोचायचं होतं, वेळ होता. पहिल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती, दुसऱ्यात नव्हती, शेवटी स्टेशनपर्यंत गेले. रिक्षा मिळेना, ट्रॅफिक, खड्डे, नेहमीचंच. घरी आले तर आई दारातच उभी. तिचा चेहरा इतका खुललेला मी कधीपासून बघितलेला नव्हता.

"ये, ये, हलू ये," ती कुजबुजली. "तुजे बाबा कामाला बसलेत."

"कसल्या कामाला?"

"बघ तरी. कसं बोलतात आज, पयल्यासारखं. मला हाक मारून लिंबू मागितला. सायट्रिक आन बोलले. मी बोलले सायट्रिक नाय, लिंबू हाय. चालंल बोलले."

"आई, डबा कुठाय?"

"त्यांनीच काढला. स्टूलवर चढून."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी स्टूल धरला." तिला माझा चेहरा दिसला असावा, कारण ती घाईघाईने म्हणाली, "तू बोललेलीस हात लावायचा नाय. मी नाय लावला गं."

बाबांच्या पायाला जखम झालेली, ती धुवायला ते फेसाचं औषध आणलेलं होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड. तेही आईनेच दिलेलं. त्यांनी मागितलं. लिंबू, कोमट पाणी, पेरॉक्साइड. मला जर कुणी विचारलं असतं की घरातल्या घरात ही पूड निळी करायला काय काय लागेल, तर मी नेमकं हेच सांगितलं असतं.

"आई, तुला कळतंय का काय झालंय? माझं सगळं गेलं. सगळं." माझा आवाज चढला. "एक गोष्ट सांगितलेली तुला. एक!"

ती पदराला हात पुसत म्हणाली, "मला कं समजतं त्यातला. किती महिन्यांनी मानूस मानसासारखा बोलला. त्याला नाय कशी बोलू?"

मी गॅलरीत गेले.

बाबा परातीसमोर मांडी घालून बसलेले. बनियनच्या बाहेर आलेले ते बारीक झालेले हात कोपरापर्यंत निळे. परातीत निळा. खोटं कशाला बोलू, असा निळा मी आयुष्यात बघितला नव्हता. माझे स्फटिक चांगले होते, म्हणून तो इतका चांगला उघडला होता. लाकडी उलथन्याने ते कडेकडेने ढवळत होते, घाई नाही, एकाच दिशेने. हात अजिबात थरथरत नव्हता. हाच माणूस जेवताना घास तोंडापर्यंत नेता नेता विसरायचा.

मी खाली बसले. डोक्यात आपोआप हिशेब चालू होता की परत आणता येईल का, काही घालून पुन्हा पांढरं करता येईल का. येतं तसं थोडंफार. पण पाणी आत गेलं होतं. पोटॅशियम बाहेर आणि पाणी आत, आता वाळवून वाळवून ती जाळी पहिल्यासारखी झाली नसती. नव्याने करेपर्यंत लॅब राहिली नसती, नायट्रोजन नसता, सर नसते. ठाण्याची दुपार तर परत कोण देणार. आई दाराआडून बघत होती. मला ओरडायचं होतं आणि कुणावर ओरडावं तेच समजत नव्हतं.

बाबांनी बोटाच्या टोकावर थोडं घेतलं. खोबरेल तेलाचा थेंब घालून ते एका कागदावर घासलं आणि कागद उजेडात धरला. कंपनीत शेड अशीच बघायचे. मान तिरकी करून बघितलं, मग कागद माझ्यापुढे केला.

"बघा बाई. पास?"

त्यांचे डोळे किती महिन्यांनी जागेवर आलेले. वाटलं, आता ओळखतील. आता म्हणतील.

"पास," मी म्हटलं.

ते समाधानाने हसले. मग दाराकडे एक नजर टाकून, कुणी ऐकत नाही ना बघून, माझ्या कानाशी झुकले. त्यांच्या अंगाला तोच जुना वास येत होता, शाळेतल्या माझ्या ब्लाउजला यायचा तो.

"माज्या पोरीचा हाय हा," ते म्हणाले. "ती बॅटरीचा काम करते. लय शिकलीय. पन तिचा निला काय होत नाय. रोज इचारतो, रोज नाय बोलते. तोंड सुकलेला असतं." त्यांनी परात दोन्ही हातांनी हळूच माझ्याकडे सरकवली. "तुमी तिच्यासंगं कामाला हाव ना? तिला द्या. मी केला असा सांगू नका. तिला वाटू द्या तिचाच झाला."

मी परात घेतली.

"द्याल ना?"

"देते," मी म्हटलं.

मग ते दाराकडे तोंड करून बसले. आईने हात धुवायला बोलावलं तर उठले नाहीत. बाय घरी येईल इतक्यात, म्हणाले.